मोबाइलवरून मत, ब्लॉकचेनवर नोंद: आपल्याकडे आलं तर द्याल?

दर्यावर्दी
मंडळी, काडी टाकायला आलो नाही, खरंच मतं हवी आहेत म्हणून धागा काढतोय.

मी मर्चंट नेव्हीत आहे. नौदलातल्या माणसाला 'सेवा मतदार' म्हणून टपाली मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं जाते. आम्ही त्या व्याख्येत बसत नाही. मत द्यायचं तर अलिबागच्या केंद्रावर स्वतः जाऊन उभं राहायचं, आणि जहाज त्या दिवशी सिंगापूरच्या पलीकडे असतं.

२८ जून २०२५ ला बिहारच्या राज्य निवडणूक आयोगानं काही नगरपालिकांच्या निवडणुकीत मोबाइल ॲपवरून मतदान घेतलं. वृद्ध, दिव्यांग, गरोदर बायका, बाहेरगावी कामाला गेलेले लोक यांच्यासाठी. फोनच्या कॅमेऱ्यानं चेहरा ओळखायचा, मत नोंदवायचं, नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक सर्व्हरवर सारखीच ठेवलेल्या, मागाहून न बदलता येणाऱ्या वहीत. नाव नोंदवलेल्यांपैकी ७० टक्क्यांनी ॲपवर मत दिलं. केंद्रावरचं मतदान ५५ च्या आसपास होतं. त्याआधी ऑक्टोबर २०२१ मध्ये तेलंगणानं खम्ममला अशीच रंगीत तालीम घेतली होती.

महाराष्ट्रात हे का नको? नोंद कुणाला खोडता येत नाही, मोजणी कुणालाही पडताळता येते, मग अडतंय कुठे?

फुकटचा_सल्ला
"आपला ओटीपी आला नाही? ३० सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करा." तोवर सरकार बदललेलं असेल.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

चिंचपोकळी_स्लो
मी तर उद्याच देईन. घराचा हप्ता, एसआयपी, आईच्या औषधांचे पैसे, सगळं फोनवरून जातं. एवढा पैसा फोनवर सुरक्षित आहे, मग मताला काय झालं?

नाना_चौकस
चिंचपोकळीशी सहमत. यूपीआय आलं तेव्हाही लोक असंच घाबरले होते. आता भाजीवाली मावशी सुट्टे नाहीत म्हणाली तर आपणच क्यूआर शोधतो.

शून्यवादी
यूपीआयचा दाखला या विषयावर प्रत्येक वेळी येतो, म्हणून त्याचं आधी बघू.

बँकेला माहीत असतं की पैसे तुम्ही दिलेत, कुणाला दिलेत, किती दिलेत. चूक झाली तर तुम्ही पासबुक दाखवता, बँक तपासते, पैसे परत येऊ शकतात. फसवणूक होतेच, बँका ती धंद्यातलं नुकसान म्हणून सोसतात. मतात यातलं काहीच चालत नाही. तुम्ही कुणाला मत दिलंत हे कुणाला कळता कामा नये, आयोगालाही नाही. आणि मत बदललं गेलं अशी तक्रार करायची तर आपलं मत काय होतं हे सिद्ध करायची सोयही नको, कारण जे तुम्हाला सिद्ध करता येतं ते मत विकत घेणाऱ्यालाही दाखवता येतं.

आता ब्लॉकचेन. एकदा नोंदलेलं मागाहून बदलू न देणं, हे ती चोख करते. पण चुकीचा फेरफार दगडावर कोरला म्हणून सातबारा बरोबर होत नाही. फोनमध्ये मालवेअर असेल, तुम्ही 'अ' दाबलं आणि ॲपनं 'ब' पाठवलं, तर साखळी तो 'ब' इमानेइतबारे कायमचा जपून ठेवेल. शिवाय साखळीचे सगळे सर्व्हर एकाच आयोगाच्या किंवा एकाच ठेकेदाराच्या ताब्यात असतील तर 'विकेंद्रित' हा शब्द जाहिरातीपुरताच उरतो.

उदाहरण घ्या. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियानं २०१८ मध्ये परदेशातल्या सैनिकांसाठी व्होट्झ नावाचं ब्लॉकचेनवालं ॲप वापरलं. नोव्हेंबरच्या निवडणुकीत जेमतेम १४४ जणांनी त्यावर मत दिलं. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी ते ॲप सोलून बघितलं: फोनचा ताबा घेणाऱ्याला मत बघता येत होतं, अडवता येत होतं, बदलताही येत होतं. त्यासाठी ब्लॉकचेनला हात लावायचीही गरज नव्हती. राज्यानं ते ॲप सोडून दिलं.

ताम्हिणी
+१. मॉस्कोचंही लिहा की. २०१९ मध्ये शहराच्या दुमासाठी, म्हणजे तिथल्या प्रतिनिधी सभेसाठी ब्लॉकचेन मतदान होतं. त्यांनी आधी कोड जाहीर केला आणि 'फोडून दाखवा' म्हणाले. पियरिक गोद्री या फ्रेंच संशोधकानं साध्या संगणकावर, फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरनं साधारण २० मिनिटांत मतं झाकणारं कूटलेखन फोडलं. त्याच्या किल्ल्याच फार लहान ठेवल्या होत्या.

फुकटचा_सल्ला
२० मिनिटं? आमच्या केंद्रावर यादीत नाव सापडायला याहून जास्त लागतात.

चिंचपोकळी_स्लो
शून्यवादी, सगळी उदाहरणं कच्च्या कामाची दिलीत. नीट केलेलं एकही नाही? एस्टोनिया?

बाल्टिकचा_बंड्या
कुणी एस्टोनिया म्हणालं का? नोकरीमुळे टालिनला असतो. मतदार नाही, पण ऑफिसातले लोक जेवणाच्या सुट्टीत मत देताना बघितलेत.

इथं इंटरनेटवरून मतदान २००५ पासून आहे, आणि मार्च २०२३ च्या संसदेच्या निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतं ऑनलाइन आली. पण गैरसमज नको. पहिलं म्हणजे मत मुख्यतः कॉम्प्युटरवरून देतात. ओळखपत्रात चिप आहे, तिच्यातल्या किल्लीनं सही होते. चेहरा दाखवून नाही. फोनचा उपयोग तपासायला: मत दिल्यावर पडद्यावर क्यूआर येतो, तो काही मिनिटांच्या आत दुसऱ्या उपकरणानं स्कॅन केला की सर्व्हरवर काय पोचलं ते दिसतं. म्हणजे कॉम्प्युटर खोटं बोलला तर फोन चुगली करतो. २०१३ पासून आहे हे.

दुसरं, हवं तितक्या वेळा मत बदलता येतं, शेवटचं धरतात. केंद्रावर जाऊन कागदावर दिलंत तर ऑनलाइनचं बाद.

तिसरं, आणि धाग्याच्या दृष्टीनं मजेशीर: एस्टोनियाचं नाव ब्लॉकचेनशी जोडायची फॅशन आहे, पण इथलं मतदान ब्लॉकचेनवर चालत नाही. टपाली मताच्या दुहेरी लिफाफ्याची पद्धत आहे. बाहेरच्यावर तुमची सही, आतल्यात कूटबद्ध मत. मोजणीआधी बाहेरचा काढून टाकायचा, मग आतले उघडायचे.

आणि इथंही आलबेल नाही. २०१७ मध्ये ओळखपत्राच्या चिपमध्येच दोष निघाला, साडेसात लाखांच्या आसपास कार्डं. देशाची लोकसंख्या १३ लाख!

दर्यावर्दी
बंड्या, हेच हवं होतं. म्हणजे होऊ शकतं तर! मत पुन्हा देता येत असेल तर दमदाटीचा प्रश्नही सुटतो. गावगुंडासमोर त्याला हवं ते द्या, रात्री गुपचूप बदला.

गोदाकाठ
दर्यावर्दी, तुम्ही बीडला आला नाहीत कधी.

विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होतं. तेव्हा आमच्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या फडांवर. सांगली, कोल्हापूर, काही कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल घेतलेली, मुकादमाच्या शब्दाबाहेर पाऊल नाही. घरात एखादा फोन, तोही कधी मुलाकडे गावी, कधी मुकादमाकडे चार्जिंगला. आता सांगा, ऊस तोडून आलेली बाई रात्री 'गुपचूप' मत बदलणार कुठे? कोपीत? मुकादम मतदान संपेस्तोवर फोन गोळा करून ठेवेल, झालं.

आज काय आहे? केंद्रावर पुठ्ठ्याच्या आडोशामागे ती एकटी असते. आदल्या रात्री पाकीट कुणाचंही घेतलेलं असो, बटण कुठलं दाबलं ते पाकीटवाल्याला कळत नाही. पाकीट घेऊन दगा देता येतो, ही गरिबाच्या हातातली एकच गोष्ट आहे. मोबाइल मतदानात पाकीटवाला शेजारी बसून स्क्रीन बघणार.

निवडणूक_ड्यूटी
गोदाकाठ, दंडवत घ्या.

मी शिक्षिका. केंद्राध्यक्ष म्हणून काम केलंय, त्यामुळे या आडोशाची किंमत ठाऊक आहे. नवरा "तिला दिसत नाही, मी दाबतो" म्हणत आत घुसायला बघतो, त्याला बाहेर काढावं लागतं. ॲप त्याला बाहेर कसं काढणार?

चिंचपोकळी_स्लो
गोदाकाठ, मुद्दा कळला पण अर्धाच मांडलात. आज तो ऊसतोड कामगार मत देतो का? उमेदवारानं गाड्या पाठवल्या तर येतो, आणि गाडी पाठवणारा फुकट पाठवत नाही. गाडी आली नाही तर मत बुडालं. मुकादमाच्या हातातलं मत वाईट, मान्य. पण मुळात मतच नाही, हे चांगलं?

गोदाकाठ
नाही, चांगलं नाही. गाडीतून आलेला मात्र आडोशामागे एकटा जातो. त्याच्या फडाजवळ केंद्र न्या, मी पहिला टाळी वाजवीन. निवडणूक आयोगानं डिसेंबर २०२२ मध्ये तसं यंत्र काढलंही होतं, 'रिमोट ईव्हीएम'. एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघांपर्यंत मतदान, इंटरनेट नाही. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना बोलावलं, विरोधकांनी हरकती घेतल्या आणि ते बारगळलं.

कायदेपंडित
थोडी कायद्याची भर. बिहारमध्ये घेतलं ते *राज्य* निवडणूक आयोगानं. पंचायती आणि पालिका त्याच्याकडे असतात, लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोगाकडे. म्हणजे महाराष्ट्राला पालिकांसाठी करायचं तर दिल्लीची परवानगी लागत नाही, राज्याचे कायदे आणि नियम बदलावे लागतील. हे नवंही नाही. गुजरातनं २०१० मध्ये महापालिकांना ऑनलाइन मतदान ठेवलं होतं. प्रतिसाद फारच थंड.

अनिवासी भारतीयांना २०१० च्या दुरुस्तीनं मतदार यादीत नाव लावता येतं, पण मत द्यायला मायदेशीच यावं लागतं. २०२४ च्या लोकसभेला असे नोंदलेले सुमारे १ लाख १९ हजार, प्रत्यक्ष आले ३ हजारांच्या आत, आणि त्यातले बहुतेक केरळचे. प्रतिनिधीमार्फत मतदानाचं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं होतं, पुढे व्यपगत झालं, म्हणजे आपोआप बाद.

मोगरा_७२
आमच्या सोसायटीत रीडेव्हलपमेंटवर ऑनलाइन मतदान झालं. निकाल लागायच्या आत सेक्रेटरी मला लिफ्टमध्ये म्हणाले, "वहिनी, तुम्ही विरोधात?" गुप्त मतदान होतं हो!

फुकटचा_सल्ला
मोगराताई, त्यालाच 'पडताळणीयोग्य' म्हणतात. (हलकेच घ्या.)

नाना_चौकस
आमच्याकडे बिल्डरनं एका पार्किंगवरून मतं फिरवली. स्टिल्टमधलं पार्किंग बिल्डरला विकता येतं का, कुणी सांगेल?

संपादक
पार्किंगसाठी वेगळा धागा काढावा. त्यावरचे पुढचे प्रतिसाद हलवले आहेत.

शून्यवादी
परत मूळ प्रश्नाकडे. मोजणी कुणालाही पडताळता येईल आणि तरी मत गुप्त राहील, याचं गणित आहे बरं का, आणि ते ब्लॉकचेनहून बरंच जुनं आहे. डेव्हिड चॉमनं १९८१ मध्ये मिक्सनेट मांडलं: कूटबद्ध मतं एकापाठोपाठ एक सर्व्हर पिसत जातात, कुठलं मत कुणाचं हे कुणालाच सांगता येत नाही. पिसताना एकही मत बदललं नाही याचा पुरावा झीरो नॉलेज प्रूफनं, म्हणजे गुपित न उघडता खात्री पटवणाऱ्या गणितानं देता येतो. हेलिऑस नावाची अशी ऑनलाइन मतदान प्रणाली २००८ पासून आहे, तुम्ही स्वतः तपासू शकता. यात लागते ती एक जाहीर यादी, सगळ्यांना सारखीच दिसणारी. ब्लॉकचेनचं काम झालंच तर एवढंच.

मात्र हे गणित नीट बसवणं महाकठीण. स्विस पोस्टनं २०१९ मध्ये कोड उघड केला, तेव्हा पिसण्याच्या पुराव्यातच असा दोष सापडला की मतं बदलून वर 'बदलली नाहीत' असा खरा वाटणारा पुरावा देता आला असता. त्यांनी ती प्रणाली थांबवली, २०२३ पासून मोजक्या कँटनमध्ये (तिथली राज्यं) नव्यानं सुरू केली. कोड उघडा होता म्हणून सापडलं, हे लक्षात घ्या. बिहारच्या ॲपबद्दल माझा पहिला आक्षेप हाच: असा कोड बाहेरच्यांच्या हाती देऊन 'फोडा' म्हटलेलं मी पाहिलं नाही. त्यापुढे '७० टक्के मतदान' हा आकडा वापराचा आहे, सुरक्षिततेचा नाही.

आणि एक किस्सा. कूटलेखनशास्त्रज्ञांची जागतिक संघटना, आयएसीआर. त्यांनी २०२५ मध्ये आपली निवडणूक हेलिऑसवर घेतली. तीन विश्वस्तांकडे किल्लीचे तीन तुकडे. तिन्ही लागणार. एका विश्वस्ताकडून तुकडा हरवला. निकाल उघडेचना! निवडणूक पुन्हा घ्यावी लागली.

फुकटचा_सल्ला
=)) =)) जगातले सर्वात हुशार कुलूपवाले आणि किल्ली हरवली! शून्यवादी, हा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रेम करतो.

निवडणूक_ड्यूटी
हसले, पण माझा मुद्दा याच्याजवळचाच आहे. आमच्या केंद्रावर मतदानाआधी उमेदवारांच्या एजंटांसमोर निदान ५० मतांचं मॉक पोल (चाचणी मतदान) होतं. चिठ्ठ्या मोजून दाखवतात, यंत्र रिकामं करतात, सीलवर एजंट सह्या करतात. संध्याकाळी १७-सी फॉर्मवर एकूण मतांचा आकडा लिहून प्रत्येक एजंटला प्रत देतो. तो एजंट दहावी नापास असेल, पण मोजणीच्या दिवशी तो आकडा घेऊन टेबलाशी उभा राहतो आणि जुळला नाही तर सगळं थांबवतो. त्याला झीरो नॉलेज प्रूफ कोण समजावणार? आणि समजावलं तरी त्यानं विश्वास कुणावर ठेवायचा, गणितावर की समजावणाऱ्यावर?

ताम्हिणी
जर्मनीच्या घटना न्यायालयानं २००९ मध्ये हेच म्हटलंय: मतदान आणि मोजणीचे महत्त्वाचे टप्पे विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही तपासता आले पाहिजेत. तेव्हाची मतदान यंत्रं त्यांनी घटनाबाह्य ठरवली.

आपल्याकडे इंटरनेटशी न जोडलेल्या ईव्हीएमवरूनही मारकडवाडीच्या लोकांना डिसेंबर २०२४ मध्ये मतपत्रिकेवर स्वतःच फेरमतदान घ्यायचं होतं. प्रशासनानं होऊ दिलं नाही. त्यांचा संशय खरा की खोटा, तो वाद इथं नको. पण ज्या गावाला पेटीतलं यंत्र पटत नाही त्याला "तुझं मत क्लाउडवर आहे, हा बघ हॅश" (नोंदीची आकडे-अक्षरांची खूण) म्हणून बघा.

चिंचपोकळी_स्लो
मग व्हीव्हीपॅट तरी कुठे पूर्ण मोजतात? विधानसभा क्षेत्रामागे पाच यंत्रांच्या चिठ्ठ्या. सगळ्या मोजायची मागणी सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये फेटाळली. चिठ्ठी सात सेकंद दिसते, आणि चुकीची छापली अशी तक्रार करून चाचणीत खोटी ठरली तर शिक्षेची तरतूद. आहे ती पद्धत तरी कुठे एवढी पडताळता येते?

शून्यवादी
हा मुद्दा बिनतोड आहे. पण मतभेद झाला तर मोजायला कागद शिल्लक असतो. ॲपमध्ये वाद झाला तर काय मोजणार? ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सची ऑनलाइन मतदान प्रणाली डिसेंबर २०२१ च्या स्थानिक निवडणुकीत कोलमडली, कित्येकांना मतच देता आलं नाही. तीन ठिकाणची निवडणूक कोर्टानं रद्द केली. तिथं कुणी हॅक केलं नव्हतं, फक्त भार पेलला नाही.

अंधुक_उजेड
आतापर्यंत नुसतं वाचत होतो. मला दिसत नाही. केंद्रावर ब्रेल असते, पण माझ्या बाबतीत अधिकारी बहुतेक वेळा "सोबत्याला घ्या" म्हणतात. म्हणजे माझं मत आजवर कधी पूर्ण गुप्त राहिलेलं नाही. फोनवर स्क्रीन रीडर लावून, कानात इयरफोन घालून मी कुणाच्याही मदतीशिवाय मत देऊ शकेन. वर आडोशाबद्दल सगळे हळवे झालेत. त्या आडोशामागे माझ्याबरोबर कायम दुसरा कुणीतरी असतो.

निवडणूक_ड्यूटी
तुमचं म्हणणं रास्त आहे. नियमात सोबती मतदारानं मागितला तर द्यायचा असतो, आम्ही तो गळ्यात मारायचा नसतो. पुढच्या प्रशिक्षणात विषय काढते.

चिंचपोकळी_स्लो
अंधुक_उजेड, धन्यवाद. हेच म्हणत होतो, पण तुमच्याइतकं नेमकं जमलं नाही.

दर्यावर्दी
सगळे प्रतिसाद वाचले, जहाजावरच्या नेटवर दोन दिवस गेले. मुकादमाच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण माझ्यावर मुकादम नाही. कॅप्टनला माझ्या मतात रस नाही. सरसकट नको, पण खलाशी आणि अंध मतदार एवढ्यांनाच दिलं तर?

शून्यवादी
तुमच्यापुरता आधीचा एक टप्पा बघा. कोरी मतपत्रिका ऑनलाइन पाठवायची, भरलेली कागदावर परत. सेवा मतदारांना २०१६ पासून हेच आहे. अनिवासी भारतीयांनाही द्यावं असं आयोगानं २०२० मध्ये सरकारला सुचवलं होतं. त्यात खलाशांचं नाव घालून घ्या. कागद येतो, वाद झाला तर मोजता येतो. अंध मतदारासाठी मात्र हा उपाय नाही, तिथं मी ॲपच्या मर्यादित प्रयोगाला तयार आहे. कोड उघडा असेल तरच.

दर्यावर्दी
कागद परत कसा येणार? मोजणीच्या दिवशी सकाळी आठच्या आत पोचावा लागतो. उमेदवारी माघारीनंतर मतदानाला जेमतेम दोन आठवडे असतात, आणि तेवढ्यात आम्ही कधी कधी एकाही बंदराला लागत नाही.

कायदेपंडित
मतदान आणि मोजणीत अंतर वाढवणं कायद्यात बसतं. २०२४ च्या लोकसभेला पहिला टप्पा १९ एप्रिलला होता आणि मोजणी ४ जूनला. तुमचा मतदारसंघ पहिल्या टप्प्यात येऊ दे म्हणजे झालं.

दर्यावर्दी
रायगडचं मतदान ७ मेला होतं. तरी चार आठवडे मिळतात, फुजैरा बंदरातून कुरिअर पोचेल. संघटनेच्या ग्रुपवर टाकतो हे. सेवा मतदारांचा तो फॉर्म कुठला असतो, कुणाकडे लिंक आहे का?

नाना_चौकस
लिंक मलाही द्या, पुतण्या टँकरवर आहे. आणि तो पार्किंगचा धागा कुठे हलवलाय?